कडक स्प्रिंगचा मोह

मोटारींच्या सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत अलीकडे एक देखणी वस्तू दिसते. हातभर लांबीची धातूची नळी, तिच्यावर बारीक आटे, आट्यांवर फिरणाऱ्या दोन कड्या आणि त्या कड्यांवर टेकलेली निळी, पिवळी नाहीतर लाल स्प्रिंग. हिचे नाव कॉइलओव्हर. वेटोळ्यांची स्प्रिंग, म्हणजे कॉइल, शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावरून चढवलेली, म्हणून हे नाव. कड्या फिरवल्या की गाडी खाली-वर करता येते. डोक्यावरची खुंटी फिरवली की शॉक ॲब्सॉर्बर मऊ किंवा कडक होतो. आठवडाभर कचेरीला जायला वापरायची गाडीच रविवारी एखाद्या ट्रॅकवर मनसोक्त पळवावी, अशी हौस असणाऱ्यांना या वस्तूची भुरळ पडते. चार चाकांचा संच दहा-वीस हजारांत मिळत नाही. चांगला घ्यायचा तर लाखाच्या पुढे जावे लागते.

घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘किती कडक मिळेल?’ कडक स्प्रिंग म्हणजे रस्त्यावर घट्ट पकड, असा समज त्यामागे असतो. हा समज आजचा नाही. युरोपातल्या निष्णात इंजिनिअरांनीही तो अनेक वर्षे उराशी बाळगला होता आणि त्यापायी एका बलाढ्य कंपनीचा शर्यतींचा आख्खा मोसम वाया गेला होता. तो इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो पाहू आणि मग खरेदीकडे वळू.

बग्गीची कमान

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाकाखाली आलेला दगड थेट माणसाच्या पाठीपर्यंत पोचतो. गाडी हळू चालते म्हणून ते चालून जाते. वेग वाढला की मात्र चाक आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी लवचिक हवेच.

स्प्रिंगचा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी शोधला. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्याच प्रमाणात तिचा उलटा जोर वाढतो, हा तो नियम. श्रेय दुसऱ्याने घेऊ नये म्हणून हूक यांनी १६७६ मध्ये तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली. पण हा नियम प्रवाशाच्या सुखासाठी नीट राबायला सव्वाशे वर्षे जावी लागली. लंडनचे ओबडाया एलियट यांनी १८०४ च्या सुमारास पोलादी पाट्यांच्या दोन कमानी टोकांशी जोडून लंबगोल स्प्रिंग केली. बग्गीचा सांगाडा या कमानींवरच बसवता आल्याने खालची जड लाकडी तुळई गेली. बग्गी हलकी झाली आणि बसणाऱ्याच्या हाडांचे हालही कमी झाले. मुंबईत ज्यांनी व्हिक्टोरियातून फेरफटका मारला असेल, त्यांनी या लंबगोल कमानी पाहिल्या असतीलच.

पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एक गुण आपोआप होता. ती दबताना पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हेलकाव्याचा थोडा जोर विरून जातो. घोड्याच्या चालीला एवढे पुरेसे होते. मोटार आली आणि ते अपुरे पडू लागले.

धक्का आणि हेलकावा

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नाव फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेला धक्का ती पोटात ठेवत नाही, लगेच परत करते. त्यामुळे गाडी खड्ड्यातून गेल्यावर पाळण्यासारखी हलत राहते. हा झोका थांबवणे, त्यातल्या शक्तीची उष्णता करून ती विरवून टाकणे, हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. इंग्रज लोक त्याला ‘डँपर’ म्हणतात, ते अधिक बरोबर आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याचा ‘शॉकअप’ झाला आहे.

हा झोका केवळ बसणाऱ्याला त्रास देत नाही. झोक्याच्या वरच्या टोकाला चाकावरचा भार कमी होतो, कधी चाक रस्ता सोडते. रस्त्याला न टेकलेले चाक वळू शकत नाही आणि ब्रेकही लावू शकत नाही. शॉकअप गेलेली गाडी उसळते, तेव्हा प्रश्न सुखाचा उरत नाही, जिवाचा होतो.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधल्या त्रुफो यांनी यावर एक साधा उपाय काढला. कात्रीसारख्या दोन दांड्या, सांध्यात घर्षणाच्या चकत्या आणि मधोमध एक बोल्ट. एक दांडी सांगाड्याला, दुसरी ॲक्सलला. चाक हलले की चकत्या घासतात आणि झोका मरतो. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी ती कल्पना आपल्या देशात नेली आणि ‘त्रुफो-हार्टफर्ड’ हे नाव मोटारींच्या जगात रूढ झाले. मधला बोल्ट पान्याने आवळला की यंत्र कडक, सैल केला की मऊ. म्हणजे आज खुंटी फिरवून आपण जे करतो, ते शंभर वर्षांपूर्वीचे चालकही करीत होते. १९३० च्या दशकात तर ब्रिटनमध्ये ‘टेलिकंट्रोल’ नावाची व्यवस्था मिळत असे. तीत चालत्या गाडीत बसल्या जागेवरून हा आवळपणा बदलता येई.

घर्षणाच्या चकत्यांत एक उणीव होती. त्यांचा अडसर चाकाच्या वेगाप्रमाणे वाढत नाही. बारीकशा खडबडीला त्या हलतच नाहीत आणि मोठ्या धक्क्याला अपुऱ्या पडतात. यावर तोड निघाली तेलाची. बंद डब्यातले तेल बारीक छिद्रातून ढकलायचे. हळू ढकलले तर ते सहज जाते, जोरात ढकलले तर जोरात अडवते. मोरिस हुदाय या फ्रेंच तंत्रज्ञाने या तत्त्वावर केलेले यंत्र पुढे फोर्डच्या ‘मॉडेल ए’ला, म्हणजे १९२७ च्या अखेरीस आलेल्या सामान्य माणसाच्या गाडीला, चारही चाकांवर बसले.

त्याआधीच, १९२२ मध्ये, इटलीच्या व्हिन्चेन्झो लान्चिया यांनी आपल्या ‘लाम्ब्दा’ गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकापाशी कॉइल स्प्रिंग आणि तेलाचा डँपर एकाच उभ्या नळीत बसवले होते. कॉइलओव्हरची वंशावळ काढायची तर हा तिचा एक जुना पुरुष म्हणावा लागेल.

१९३६ चा धडा

एवढे सगळे हाताशी असूनही शर्यतीच्या गाड्यांबद्दलचा समज एकच होता : स्प्रिंग दगडासारखी हवी. वळणावर गाडी झुकली नाही म्हणजे पकड चांगली, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

अमेरिकेत मोरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरांनी याच्या उलट दिशेने विचार चालवला होता. ते रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आले. एका मोठ्या गाडीवर हलवता येणारी वजने लादून, स्प्रिंगा बदलून बदलून त्यांनी प्रयोग केले. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असली तर गाडी डुलत नाही, सपाट चालते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढची चाके एकाच ॲक्सलला जखडलेली असताना हे साधणे कठीण होते. म्हणून १९३४ पासून जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांत पुढची दोन्ही चाके स्वतंत्र झाली. पण हे सुखासाठी, असे शर्यतवाले म्हणत.

जर्मनीत त्या काळी नाझी राजवटीच्या पाठबळाने मर्सिडिज-बेंझ आणि ऑटो युनियन या कंपन्या शर्यतींत उतरल्या होत्या. १९३४ आणि १९३५ मध्ये मर्सिडिजने यश मिळवले. १९३६ मध्ये मात्र तिची दाणादाण उडाली. नवी गाडी आखूड आणि ताकदवान होती, पण चालकांना ती आवरेना. अखेर कंपनीने मोसम पुरा होण्याआधीच शर्यतींतून अंग काढून घेतले.

गाडी सुधारण्याचे काम रुडॉल्फ उलेनहाउट यांच्याकडे आले. वय तिशीचे, जन्म लंडनचा, आई इंग्रज. त्यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. शर्यतीचा अनुभव नसताना ते स्वतः गाडीत बसले आणि नुरबुर्गरिंग या जर्मनीतल्या डोंगराळ ट्रॅकवर एकट्याने फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिले. चालक जे ‘गाडी ऐकत नाही’ एवढ्या शब्दांत सांगत, ते इंजिनिअरने स्वतःच्या अंगाने अनुभवले.

त्यांना दिसले ते असे. स्प्रिंगा इतक्या कडक होत्या आणि चाकांना वर-खाली व्हायला इतकी कमी जागा होती, की धक्का बसला की स्प्रिंगऐवजी गाडीचा सांगाडाच पिळवटत होता. म्हणजे सांगाडाच स्प्रिंग झाला होता, आणि या स्प्रिंगला डँपर नव्हता. चाके रस्त्यावरून उड्या मारत होती. चालकाला जो कडकपणा जाणवे, तो पकडीचा नव्हता, पकड सुटल्याचा होता.

१९३७ साठी त्यांनी जी गाडी केली, तिचे नाव डब्ल्यू १२५. तिचा सांगाडा लंबगोल पोलादी नळ्यांचा आणि ताठ होता. स्प्रिंगा मऊ होत्या, चाकांना हलायला भरपूर जागा होती आणि डँपर तेलाचे होते. इंजिन साडेपाचशेहून अधिक अश्वशक्तीचे. नियमाप्रमाणे गाडीचे कोरडे वजन साडेसातशे किलोच्या आत ठेवायचे होते. एवढी ताकद एवढ्या हलक्या गाडीत असूनही ती आवरता आली, याचे मोठे श्रेय त्या मऊ स्प्रिंगांना जाते. त्या वर्षी जुलैमध्ये याच नुरबुर्गरिंगवर रुडॉल्फ काराचिओला यांनी जर्मन ग्रां प्री जिंकली आणि युरोपियन विजेतेपदही त्यांनीच मिळवले.

ताठ सांगाडा, मऊ स्प्रिंग, नेमका डँपर. हे सूत्र युद्धानंतर इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस गाड्यांनी नेले. १९५७ च्या ‘लोटस सेव्हन’ या चिमुकल्या गाडीत चारही चाकांवर डँपरवर चढवलेल्या कॉइल स्प्रिंगा होत्या. मालकाने आठवडाभर ती रस्त्यावर चालवावी आणि सुटीच्या दिवशी शर्यतीत उतरवावी, असाच त्या गाडीचा बेत होता.

घोड्याचे साज आणि खिडकीच्या कड्या

डँपर करणाऱ्या कंपन्यांचे पूर्वज गमतीदार आहेत. हॉलंडची ‘कोनी’ १८५७ मध्ये घोड्यांचे साज करण्यासाठी सुरू झाली. पुढे हिनेच कडकपणा बदलता येणाऱ्या डँपरांत नाव कमावले. जर्मनीच्या ‘बिलस्टाइन’चा १८७३ मधला धंदा खिडक्यांच्या लोखंडी सामानाचा होता. आणि अमेरिकेतल्या ‘गेब्रिएल’ने आरंभी मोटारीच्या धुरावर वाजणारे भोंगे केले. देवदूत गेब्रिएलच्या तुतारीवरून हे नाव आले. याच नावाची गेब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिचे कारखाने आज चाकण आणि नाशिकलाही आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या स्कूटरच्या, मोटारीच्या शॉकअपवर हे नाव कोरलेले असते.

तेलाच्या डँपरची एक दुखरी नस होती. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चालवले की तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला अडसर कसला? फ्रेंच शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये सरकता पडदा घातला. वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येईना. त्या परवान्यावर बिलस्टाइनने केलेले डँपर १९५७ मध्ये मर्सिडिजला लागले. आज ‘मोनोट्यूब’ म्हणून विकले जातात ते हेच.

सर्वसामान्य गाडीत स्प्रिंग आणि डँपर एकत्र आणले ते अर्ल मॅकफर्सन यांनी. शेवरोलेच्या एका छोट्या गाडीसाठी त्यांनी आखणी केली. १९४७ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला, मॅकफर्सन फोर्डकडे गेले आणि १९५० मध्ये फोर्डच्या ब्रिटनमधल्या ‘कॉन्सल’ व ‘झेफर’ या गाड्यांत त्यांचा स्ट्रट आला. आपल्याकडे कुर्ल्याच्या फियाटला, म्हणजे नंतरच्या पद्मिनीला, पुढे कॉइल स्प्रिंग होती आणि मागे पाटे. मॅकफर्सन स्ट्रट घरोघरी पोचला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे हाच असतो. त्याची बैठक पक्की जोडलेली असते. ती आट्यांवर फिरती केली की झाला बाजारातला कॉइलओव्हर.

हा बाजार वाढला तो मुख्यतः जर्मनी आणि जपानमध्ये. १९७६ च्या ‘गोल्फ जीटीआय’ने साध्या घरगुती गाडीला चपळ केले. उलेनहाउट यांनी फेऱ्या मारल्या तोच नुरबुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब जुना ट्रॅक पैसे भरून कोणालाही आपल्या गाडीने फिरता येतो. गुळगुळीत महामार्गावरून तिथे जायचे, दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि त्याच गाडीने घरी परतायचे, असा वर्गच तयार झाला. त्यांच्यासाठी आट्यांचे संच निघाले. मात्र तिथे असा भाग लावल्यावर त्याची कागदपत्रे आणि तपासणी लागते. ‘केडब्ल्यू’सारख्या जर्मन कंपन्या ते प्रमाणपत्र संचाबरोबरच देतात.

घेताना काय पाहावे

आता थोडा हिशेब. समजा, गाडीच्या एका चाकावर तिच्या अंगाचा ३०० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा एका मिलीमीटरला २० न्यूटन आहे. अशी गाडी मिनिटाला सुमारे ७८ झोके घेते. हे अंगाला मानवते. कडकपणा दुप्पट केला तर झोके ११० होतात. रस्त्यावर हे कडक वाटेल, पण चांगल्या डांबरी रस्त्यावर सोसेल. चौपट केला तर १५६. हे शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकचे काम. आपल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर असे चाक खड्ड्याच्या तळाला जाणारच नाही, काठावरून काठावर उडेल. १९३६ च्या मर्सिडिजचेच दुखणे आपण पैसे मोजून विकत घेऊ.

तेव्हा विक्रेत्याला कडकपणाचा आकडा जरूर विचारावा. मूळ स्प्रिंगच्या सव्वा ते दीडपट एवढा आकडा रोजच्या गाडीला बहुधा पुरतो. आकडा सांगता येत नसेल तर तो संच घेऊ नये.

दुसरी गोष्ट, स्प्रिंग आणि डँपर जोडीने निवडावेत. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तेवढाच आटोप राखायला डँपरही सुमारे चाळीस टक्के कडक लागतो. नुसती कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढवली की गाडी चेंडूसारखी उसळते. खुंटीला बत्तीस टप्पे आहेत की सोळा, याला फारसे महत्त्व नाही. स्वस्त संचात एकच खुंटी दबण्याचा आणि उलटण्याचा अडसर एकदम वाढवते आणि त्यातले चार-पाच टप्पेच उपयोगाचे असतात. मधल्या टप्प्यापासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

तिसरी गोष्ट उंचीची. गाडी खाली बसवली की ती वळणावर कमी झुकेल, असे वाटते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत फार खाली गेले तर उलटे होते. खालच्या आडव्या दांड्या वर तिरक्या होतात, गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षाही अधिक खाली जातो आणि झुकाव वाढतो. शिवाय दबायची जागा संपून रबरी ठोकळा लवकर लागतो. दोन-अडीच सेंटीमीटरपलीकडे जाऊ नये. बूड वेगळे फिरवून उंची बदलणारा संच असेल तर डँपरची चाल वाचते. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करणे आलेच.

चौथी, आपली हवा. कोकणातल्या पावसात आणि घाटातल्या चिखलात आटे गंजतात आणि कड्या जाम होतात. सील गेले तर दुरुस्ती कुठे होणार, सुटे भाग मिळणार का, हे आधी विचारावे.

आणि पाचवी, कायदा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफाराला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांनाही आधी विचारावे. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

एवढे करण्यापूर्वी गाडीचे टायर, रबरी बुश आणि जुने शॉकअप तपासावेत. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीला मूळ प्रतीचे नवे शॉकअप आणि चांगले टायर लावले तरी ती इतकी बदलते, की पुढच्या खर्चाची गरज अनेकांना उरत नाही. उरलीच, तर संच घेण्याआधी तोच लावलेली दुसऱ्या कोणाची गाडी मागून घ्यावी, ओळखीच्या खराब रस्त्यावर तासभर चालवावी आणि मग ठरवावे. उलेनहाउट यांनीही आकडेमोडीच्या आधी हेच केले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)